चित्रपट आपल्यापर्यंत आला कसा? चिनी सिनेमाच्या अभ्यासाचा एक छोटा इतिहास



पेट किंवा नेट पास झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा, या टप्प्यावर असणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात एकच काळजी असते: "माझा विषय नवीन आहे ना? कुणी आधी केला तर नाही?" मग 'रिसर्च गॅप' शोधण्यात दोन-तीन महिने जातात. गॅप शोधायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण तिच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा आणि तो फार कमी जण विचारतात. ज्या सामग्रीवर मी काम करणार आहे ती माझ्यापर्यंत कोणत्या वाटेनं आली, आणि येता येता त्या वाटेवर काय गळून पडलं?

माझं एम.एस्सी. भौतिकशास्त्रात झालं आणि पीएच.डी. मात्र चित्रपट-अभ्यासात चालू आहे. त्यामुळे हा प्रश्न मला आधी वेगळ्या कपड्यांत भेटला होता. रात्री गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी जे तारे दिसतात ते जवळजवळ सगळे आपल्या सूर्यापेक्षा तेजस्वी असतात. तेवढ्यावरून कुणी म्हणालं, की "तारे साधारणपणे सूर्यापेक्षा मोठे आणि प्रखर असतात", तर ते साफ चुकीचं ठरेल. आपल्या आसपासचे बहुसंख्य तारे लहान, मंद असे लाल बटू तारे आहेत, पण ते डोळ्यांना दिसतच नाहीत. आकाशात दोष नाही आणि डोळ्यातही नाही. काय दिसतं आणि काय दिसत नाही याचा हिशेब न ठेवता निष्कर्ष काढला, इतकंच. प्रयोगशाळेत आपण उपकरणाची मर्यादा आधी लिहितो आणि मग रीडिंग. मानव्यविद्यांमध्ये तसा रकाना छापलेला नसतो, म्हणून तो आपणच आखून घ्यावा लागतो.

हे नुसतं उपदेशासारखं वाटू नये म्हणून आज एका अभ्यासशाखेचा इतिहास सांगते. समकालीन चिनी चित्रपट आणि दृश्यमाध्यमांचा विद्यापीठीय अभ्यास ही तशी तरुण शाखा आहे. तिच्यात चित्रपट अभ्यासकांपर्यंत पोचण्याची वाट तीन-चार वेळा बदलली, आणि दर वेळी 'चिनी सिनेमा म्हणजे काय' याचं उत्तरही बदललं.

पहिली वाट: एक पुस्तक आणि एक परदेशी माणूस

१९६३ मध्ये बीजिंगमध्ये चिनी चित्रपटाच्या विकासाचा दोन खंडांचा इतिहास प्रसिद्ध झाला. मुख्य संपादक होते चंग जिहुआ. १९४९ पर्यंतचा काळ त्यात येतो. त्या काळातल्या चित्रपटांची, कंपन्यांची, माणसांची एवढी तपशीलवार नोंद तोवर कुठेच नव्हती, आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक अभ्यासकाला याच पुस्तकाच्या दारातून आत जावं लागलं. पण पुस्तकाची मांडणी पक्की ठरलेली होती. डाव्या चळवळीचे पुरोगामी चित्रपट एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला, आणि इतिहास म्हणजे त्यांच्यातली झुंज.

या मांडणीत एका चित्रपटाचं काय झालं ते पाहा. फेई मू यांचा 'स्प्रिंग इन अ स्मॉल टाऊन' हा १९४८ चा चित्रपट. युद्धानंतर पडझड झालेलं घर, आजारी नवरा, घुसमटलेली बायको आणि अचानक दारात आलेला तिचा जुना प्रियकर, एवढंच त्याचं कथानक. यादवी युद्ध पेटलेलं असताना असा हताश, स्वतःत गुरफटलेला चित्रपट काढणं चंग यांच्या चौकटीत बसणारं नव्हतं. त्यांच्या इतिहासात त्याला टीकाच मिळाली, आणि चित्रपट विस्मरणात गेला. फेई मू तर १९५१ मध्येच हाँगकाँगमध्ये वारले होते. १९८० च्या दशकात हा चित्रपट पुन्हा लोकांना पाहायला मिळाला आणि मतं उलटी फिरली. २००५ मध्ये हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्सनी चिनी भाषेतल्या सर्वोत्तम शंभर चित्रपटांची यादी काढली, तेव्हा पहिला क्रमांक याच चित्रपटाला मिळाला. फिल्म तीच होती. मध्ये बदलली ती तिच्यापर्यंत पोचायची वाट.

आता चंग यांना खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण तसं करू नका. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि पक्षाच्या चौकटीत लिहिलेलं हेच पुस्तक 'विषारी' ठरलं. १९३० च्या दशकातल्या शांघायमधल्या डाव्या चित्रपटांचं त्यात कौतुक होतं, आणि तेच आता गुन्ह्यात मोडू लागलं होतं. त्या काळातल्या शांघायच्या आठवणी माओंच्या पत्नी जियांग छिंग यांनाही नको होत्या. त्या स्वतः तेव्हा तिथल्या चित्रपटांत नटी होत्या. चंग यांना तुरुंगात जावं लागलं. आपण 'सेकंडरी सोर्स' म्हणून ज्या पुस्तकाची एका ओळीत नोंद करतो, त्यासाठी एका माणसानं आयुष्यातली वर्षं मोजलेली असू शकतात.

चीनबाहेरच्या वाचकांसाठीचं पहिलं मोठं पुस्तक जे लेडा या अमेरिकन अभ्यासकाचं. ते तरुणपणी मॉस्कोत आयझेनस्टाईनच्या हाताखाली शिकले होते. १९५९ ते १९६४ या काळात ते बीजिंगमध्ये राहिले आणि तिथल्या चित्रपट-संग्रहालयात काम केलं. त्यातून १९७२ मध्ये 'डियानयिंग' हे पुस्तक आलं. डियानयिंग म्हणजे चिनी भाषेत चित्रपट, शब्दशः 'विजेची सावली'. पुस्तकाच्या उपशीर्षकात चित्रपटांबरोबर 'प्रेक्षक' हा शब्दही आहे, आणि ही गोष्ट त्या काळाच्या मानानं पुढची होती. पण तेही एका संग्रहालयातून, एका परदेशी माणसाला जे दाखवलं गेलं आणि जे शोधता आलं त्यावर उभं राहिलेलं काम. लेडा हे लपवत नाहीत. हा एका बाहेरच्या माणसाचा वृत्तान्त आहे हे वाचकाला कळत राहतं. ही सवय आपण उचलण्यासारखी आहे.

दुसरी वाट: महोत्सव

सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेल्या बीजिंग फिल्म अकादमीनं १९७८ मध्ये पुन्हा प्रवेश सुरू केले. ती तुकडी १९८२ मध्ये बाहेर पडली. चेन कायगे, झांग यिमोऊ, तियान झुआंगझुआंग ही मंडळी त्यातलीच. त्यांना पुढे 'पाचवी पिढी' म्हणू लागले. यातल्या काही जणांच्या नेमणुका बड्या स्टुडिओंऐवजी लांबच्या प्रांतांतल्या छोट्या स्टुडिओंमध्ये झाल्या. दक्षिणेतल्या ग्वांगशी स्टुडिओत १९८४ मध्ये 'यलो अर्थ' तयार झाला, म्हणजे 'पिवळी माती'. दिग्दर्शक चेन कायगे, छायालेखक झांग यिमोऊ. १९३९ सालची गोष्ट. लोकगीतं गोळा करायला खेड्यात आलेला एक सैनिक, आणि लग्नातून सुटू पाहणारी एक मुलगी. पडद्यावर तीन-चतुर्थांश भाग उघड्या डोंगरउतारांनी व्यापलेला, माणसं कोपऱ्यात ठिपक्याएवढी, संवाद अगदी मोजके.

देशात या चित्रपटाला फारसा प्रेक्षक मिळाला नाही. पण एप्रिल १९८५ मध्ये हाँगकाँगच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखवला गेला आणि जगभरच्या समीक्षकांच्या नजरा चीनकडे वळल्या. मग एकेक पुरस्कार येत गेले. १९८८ मध्ये 'रेड सोर्गम'ला बर्लिनमध्ये सुवर्ण अस्वल, १९९३ मध्ये 'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन'ला कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान. विद्यापीठांमध्ये अभ्यासक्रम सुरू झाले, पुस्तकं निघाली. क्रिस बेरी यांनी संपादित केलेलं चिनी सिनेमावरच्या लेखांचं पुस्तक १९८५ मध्ये आलं आणि १९९१ मध्ये वाढवून पुन्हा निघालं. अभ्यासशाखा खऱ्या अर्थानं उभी राहिली ती इथे.

आणि लगेच अडचणही उभी राहिली. महोत्सवात गाजलेल्या दहा-पंधरा चित्रपटांवरून 'चीन' वाचायला सुरुवात झाली. झांग यिमोऊंचा १९९१ चा 'रेज द रेड लँटर्न' हे त्याचं ठळक उदाहरण. ज्या बायकोकडे नवरा रात्री जाणार तिच्या अंगणात लाल कंदील लागतात, हा त्या चित्रपटाचा कणा. परदेशातल्या अनेक प्रेक्षकांना ती जुनी चिनी प्रथा वाटली. पण सू तोंग यांच्या मूळ लघुकादंबरीत हा विधी नाही. तो चित्रपटासाठी रचलेला आहे. चिनी पत्रकार दाय छिंग यांनी यावर कडक लेख लिहिला. त्यांचा रोख असा, की हे सगळं परदेशी डोळ्यांना भावेल असं सजवलेलं आहे.

इथे सर्वसाधारण वादविवाद "खरं की खोटं" यातच अडकून पडला असता. रे चाउ यांनी १९९५ च्या 'प्रिमिटिव्ह पॅशन्स' या पुस्तकात तो पुढे नेला. त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगते. हे दिग्दर्शक स्वतःच्या संस्कृतीचं प्रदर्शन मांडतात हे खरं, पण आपल्याकडे बाहेरचे कसे पाहतात याचं भानही त्यांना आहे, आणि ते भानच त्या चित्रांत उतरलंय. म्हणजे 'हे चीनचं चित्र बरोबर आहे का' याऐवजी 'हे चित्र कुणासाठी, कुणाच्या नजरेसमोर मांडलंय' असा प्रश्न झाला. त्याच्याही आधी एस्थर याउ यांनी 'यलो अर्थ'वर लिहिताना पद्धतीचाच प्रश्न घातला होता. पाश्चात्त्य सिद्धान्त घेऊन पाश्चात्त्य नसलेली कलाकृती वाचायला गेलं की काय होतं? आपल्यापैकी जे फूको किंवा लाकाँ घेऊन मराठी कादंबरी वाचायला निघालेत त्यांनी हा लेख जरूर मिळवावा.

याच काळात चीनमध्ये काय चाललं होतं? दाय जिनहुआ आधी बीजिंग फिल्म अकादमीत आणि नंतर पेकिंग विद्यापीठात शिकवत होत्या, आणि स्त्रीवादी अंगानं चिनी चित्रपटांचं वाचन करत होत्या. त्यांचं लेखन इंग्रजीत यायला वेळ लागला. लिटरेचर रिव्ह्यू फक्त इंग्रजी डेटाबेसवर केला तर 'या विषयावर अमुक सालापर्यंत काम नव्हतं' असं वाक्य सहज लिहिलं जातं. बरेचदा खरी गोष्ट एवढीच असते, की ते काम भाषांतरित झालेलं नव्हतं.

तिसरी वाट: हातातला कॅमेरा आणि चोरीची डिस्क

१९९० मध्ये वू वेनगुआंग यांनी 'बमिंग इन बीजिंग' हा माहितीपट पूर्ण केला. सरकारी नोकरी नाही, बीजिंगचा रहिवासी परवाना नाही, अशा अवस्थेत राजधानीत राहणाऱ्या पाच तरुण कलावंतांची ही गोष्ट. निवेदकाचा घनगंभीर आवाज नाही, समोरची माणसं स्वतःच बोलतात. स्टुडिओबाहेर, परवान्याशिवाय केलेल्या स्वतंत्र माहितीपटांची सुरुवात अनेक जण इथून धरतात.

पुढे जिया झांगके आले. शान्शी प्रांतातलं फनयांग हे त्यांचं गाव. तिथल्या एका पाकीटमाराची गोष्ट सांगणारा त्यांचा 'शियाओ वू' १९९८ च्या बर्लिन महोत्सवात गाजला, पण चीनमध्ये त्याला थेटर मिळालं नाही. मग डिजिटल व्हिडिओ कॅमेरा आला आणि खर्च एकदम उतरला. वांग बिंग यांनी १९९९ ते २००१ या काळात भाड्याचा छोटा कॅमेरा घेऊन शनयांग शहरातल्या बंद पडत चाललेल्या कारखान्यांमध्ये चित्रण केलं. त्यातून सुमारे नऊ तासांचा 'वेस्ट ऑफ द ट्रॅक्स' तयार झाला. सरकारी उद्योग मोडीत निघताना कामगारांच्या आयुष्याचं काय झालं याचं इतकं जवळून केलेलं चित्रण विरळाच.

हे चित्रपट लोकांपर्यंत पोचले कसे? कॉलेजचे फिल्म क्लब, कॅफेतल्या खाजगी खेळांबरोबर हातोहात फिरणाऱ्या प्रती आणि पायरेटेड डिस्क. परदेशी चित्रपटांची ओळखही चीनमधल्या एका पिढीला अशाच डिस्कवरून झाली. जिया झांगके यांच्या २००२ च्या 'अननोन प्लेझर्स'मध्ये यावर एक छान मिश्कील प्रसंग आहे. एक गिऱ्हाईक डिस्क विकणाऱ्या पोराकडे 'शियाओ वू' आणि 'प्लॅटफॉर्म' आहेत का म्हणून विचारतं. दोन्ही जियांचेच चित्रपट. पोराकडे एकही नसतो. स्वतःचा चित्रपट चोरीच्या बाजारातही मिळत नाही, हे दिग्दर्शकानं स्वतःच्याच चित्रपटात दाखवलंय.

अभ्यासकांनी या वाटेचा फायदा घेतला. तेव्हा शांघायच्या फूदान विद्यापीठात असलेल्या ल्यू शिन्यू यांनी या माहितीपटकारांशी बोलून २००३ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि 'नवी माहितीपट चळवळ' हे नाव रूढ झालं. झांग झेन यांनी संपादित केलेल्या २००७ च्या 'द अर्बन जनरेशन'मध्ये शहरं, स्थलांतरित मजूर, पाडापाडी हे विषय मध्यभागी आले. मात्र पुन्हा तोच ताऱ्यांचा प्रश्न. याच काळात चीनमधला सामान्य प्रेक्षक फंग शियाओगांग यांचे नववर्षाचे विनोदी चित्रपट पाहत होता, २००२ मध्ये 'हीरो'साठी थेटरात गर्दी करत होता. परदेशी अभ्यासकाच्या कपाटात स्वतंत्र चित्रपटांची रांग आणि देशातल्या थेटरात वेगळेच सिनेमे! दोन्ही खरे आहेत. आपण कशाबद्दल बोलतोय ते सांगितलं नाही की गडबड होते.

याच सुमारास 'चिनी' या शब्दावरही प्रश्न उभे राहिले. हाँगकाँग आणि तैवानचे सिनेमे कुठे ठेवायचे? १९९७ मध्ये शेल्डन लू यांनी संपादित केलेल्या पुस्तकानं 'ट्रान्सनॅशनल' म्हणजे देशांच्या सीमा ओलांडणारा चिनी सिनेमा, ही कल्पना पुढे आणली. शीर्षकात 'सिनेमा' हा शब्द मुद्दाम अनेकवचनी ठेवला होता. २००७ मध्ये शू-मेई शी यांनी 'सायनोफोन' ही संकल्पना मांडली. चीनबाहेर किंवा चीनच्या कडेला राहून चिनी भाषांमध्ये घडणाऱ्या संस्कृतीला चीनच्या मापानं मोजू नका, असा त्यांचा आग्रह. विषयाच्या नावातला एखादा साधा शब्दही अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे इथे शिकण्यासारखं आहे.

वाटा बंद होतात तेव्हा

२०१० नंतर स्वतंत्र चित्रपटांचे महोत्सव एकापाठोपाठ एक अडचणीत आले. युनान प्रांतातला माहितीपट महोत्सव २०१३ मध्ये थांबला. ऑगस्ट २०१४ मध्ये बीजिंगजवळच्या सोंगजुआंग इथला स्वतंत्र चित्रपट महोत्सव बंद पाडण्यात आला, आणि तो भरवणाऱ्या निधीच्या कार्यालयातला संग्रह पोलिसांनी उचलून नेला. २००३ पासून चाललेला नानजिंगचा महोत्सव २०२० मध्ये गुंडाळला गेला. मधल्या काळात चित्रपट-उद्योगाचा नवा कायदा झाला. तो १ मार्च २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार परवाना नसलेला चित्रपट महोत्सवातही पाठवता येत नाही.

सोंगजुआंगची गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. एखाद्या चित्रपटावर बंदी आली तरी तो कुठेतरी असतो. संग्रहच गेला की पुढच्या अभ्यासकाला 'हे होतं' एवढंसुद्धा कळायची सोय उरत नाही. म्हणून काही अभ्यासकांनी आता लिहिण्याच्या आधी जपण्याचं काम हातात घेतलंय. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात चिनी स्वतंत्र चित्रपटांचं संग्रहालय उभं राहिलं आहे. वू वेनगुआंग यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या 'स्मृती प्रकल्पा'त तरुण मुलंमुली आपापल्या गावी गेली आणि १९५९ ते १९६१ च्या दुष्काळातून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं. त्या मुलाखती आज अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांच्यातल्याच झांग मेंगची हूबे प्रांतातल्या आपल्या वडिलांच्या गावावर वर्षानुवर्षं चित्रपट करत राहिल्या.

पण जपण्यातही प्रश्न आहेत. बीजिंगमध्ये मूठभर लोकांना दाखवलेला चित्रपट आपण नावानिशी, प्रसंगांसकट शोधनिबंधात मांडला तर त्यातल्या माणसांना त्रास होईल का? प्रबंध आता शोधगंगावर चढतो, तो कुणीही वाचू शकतो. एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना आपण 'लागू नाही' अशी खूण करून मोकळे होतो, कारण आपण माणसांवर प्रयोग करत नसतो. पण पडद्यावरची माणसंही माणसंच आहेत.

चौथी वाट: मोबाईल

आता अभ्यासाचा विषय थेटरापुरता राहिलेला नाही. कुआइशौ, २०१६ मध्ये आलेलं डौयिन, बिलिबिली या मंचांवर रोज प्रचंड दृश्यसामग्री तयार होते. त्यामुळे शाखेच्या नावात 'चित्रपट' याच्या जोडीला 'दृश्यमाध्यमं' हा शब्द आला.

इथे सामग्री कमी पडण्याची अडचण नाही, पण काय दिसतंय त्याचा भरवसा नाही. बिलिबिलीवर 'दानमू' नावाचा प्रकार असतो. प्रेक्षकांचे शेरे व्हिडिओवरूनच सरकत जातात. पाहणाऱ्याला वाटतं, सगळे एकत्र बसून दंगा करतायत. प्रत्यक्षात एक शेरा तीन वर्षांपूर्वीचा, दुसरा कालचा. ते व्हिडिओच्या सेकंदाला चिकटवलेले असतात, लिहिल्याच्या तारखेला नाही. शिवाय किती शेरे दिसावेत याला मर्यादा असल्यानं नवे आले की जुने मागे पडतात. म्हणजे आज घेतलेला स्क्रीनशॉट हा 'प्रेक्षकांचा प्रतिसाद' म्हणून छापायचा असेल, तर घेतल्याची तारीख लिहावीच लागेल. डौयिनवर तर कोणता व्हिडिओ समोर येणार ते अल्गोरिदम ठरवतो. तुमचा फोन आणि माझा फोन ही दोन वेगळी उपकरणं झाली, आणि दोघांचं रीडिंग वेगळं येणार.

काही कलावंतांनी याच सामग्रीतून चित्रपट केले आहेत. शू बिंग यांच्या २०१७ च्या 'ड्रॅगनफ्लाय आइज'मध्ये एकही दृश्य चित्रित केलेलं नाही. इंटरनेटवर उपलब्ध असलेल्या पाळत-कॅमेऱ्यांच्या चित्रणातून कथा जुळवली आहे. झू शंगझे यांनी लाइव्हस्ट्रीम करणाऱ्या लोकांच्या शेकडो तासांच्या चित्रणातून 'प्रेझेंट. परफेक्ट.' केला. रस्त्यावर नाचणारा, क्रेनचालक, अपंगत्व असलेला, अशी माणसं त्यात आहेत. २०१९ मध्ये रॉटरडॅम महोत्सवात त्याला मुख्य पुरस्कार मिळाला. 'कॅमेरा कुणाच्या हातात' हा या शाखेचा जुना प्रश्न इथे पार गोंधळून जातो. सामग्रीची निवड हेच इथलं दिग्दर्शन आहे, आणि खरं सांगायचं तर आपण संशोधक डेटा निवडताना जे करतो ते यापेक्षा फार वेगळं नसतं.

आपण कुठे उभे आहोत

पुण्या-मुंबईत, नागपुरात किंवा पणजीत बसून चिनी चित्रपटावर काम करायचं तर आपल्या वाटेत आणखी एक गाळणी असते. ती म्हणजे इंग्रजी सबटायटल्स. 'शियाओ वू'मधली माणसं प्रमाण चिनी बोलत नाहीत, फनयांगकडची बोली बोलतात. सरकारी पडद्यावर प्रमाणभाषेचा आग्रह असताना ही निवडच मोठं विधान आहे. सबटायटलमध्ये सगळे एकसारखं इंग्रजी बोलतात. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारं पात्र पुस्तकी मराठीत उतरवलं तर आपलं किती नुकसान होईल हे आपल्याला सांगायला नको. चिनी शिकता आली तर उत्तमच, नाहीतर निदान 'मी सबटायटलवरून वाचलं आहे' हे पद्धतीच्या प्रकरणात स्वच्छ लिहावं, आणि संवादाच्या बारकाव्यावर निष्कर्ष टांगू नयेत.

मात्र आपली वाट नेहमी तोट्याचीच असते असंही नाही. जियांच्या 'प्लॅटफॉर्म'मध्ये छोट्या गावातली तरुण मंडळी थेटरात बसून राज कपूरचा 'आवारा' पाहतात. 'आवारा' चीनमध्ये १९५५ मध्ये आला होता आणि सांस्कृतिक क्रांतीनंतर पुन्हा दाखवला गेला. परदेशी अभ्यासकाला हा एक काळ दाखवणारा तपशील वाटतो. आपल्याला ते गाणं, तो बाप-लेकाचा खटला, तो काळ सगळं आतून माहीत आहे. जन्मावरून माणसाची लायकी ठरवू नका असं सांगणारा चित्रपट, वर्गमूळावरून माणसं तुडवली गेलेल्या दशकानंतर त्या मुलांनी कसा पाहिला असेल, हा प्रश्न आपण जास्त नीट विचारू शकतो. त्यावर कुणाला काम करायचं असेल तर विषय खुला आहे.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

विषय चिनी चित्रपटांचा नसला तरी चालेल. दलित आत्मकथनं असोत, लोकनाट्य असो, दुष्काळाचा डेटा असो, की नदीच्या पाण्याचे नमुने. सिनॉप्सिसमध्ये एक पान फक्त यासाठी ठेवा. माझी सामग्री मला कुठून मिळाली? ती कुणी निवडली आणि का? याच विषयातलं काय माझ्यापर्यंत पोचलेलं नाही, आणि ते नसल्यानं माझा कोणता निष्कर्ष लंगडा पडेल? ही सामग्री वापरल्यानं कुणाला झळ बसेल का? आणि पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाला हीच सामग्री तपासायची असेल तर ती त्याला कुठे सापडेल?

आरआरसीसमोर कदाचित यावर कुणी काही विचारणार नाही. तरी लिहा. 'स्प्रिंग इन अ स्मॉल टाऊन' १९६३ मध्ये टाकाऊ ठरला, आणि २००२ मध्ये तियान झुआंगझुआंग यांनी तोच पुन्हा नव्यानं केला. 'द ब्लू काइट'मुळे चित्रपट करण्यावर बंदी आल्यानंतरचा तो त्यांचा पहिला मोठा चित्रपट. त्यांनी मूळ चित्रपट पाहिला, कारण त्याची प्रत कुणीतरी जपून ठेवली होती. आपण ज्यांच्या मताशी अजिबात सहमत नसतो अशा अभ्यासकांच्या नोंदींवर आणि ज्यांची नावंही माहीत नाहीत अशा जपणाऱ्यांच्या कामावर आपली पीएच.डी. उभी राहते. आपल्या सामग्रीची वाट नीट लिहून ठेवली, तर आपल्यानंतर येणाऱ्याला निदान कुठून शोधायला लागायचं ते कळेल.

तुमच्या विषयात सामग्रीची वाट कशी आहे ते जरूर लिहून पाहा. एक पान पुरतं.